बर्ना बॉय : कर्तृत्व मोठं की माज मोठा?

गच्चीवरचा
नायजेरियाचा गायक बर्ना बॉय इथे कोण कोण ऐकतं माहीत नाही, पण विषय काढतोच. १२ नोव्हेंबर २०२५ ला डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्सला यानं चालू कार्यक्रम थांबवला. कारण काय, तर पुढच्या रांगेत एक बाई झोपली होती. तिच्या सोबत्याला म्हणाला, हिला घरी घेऊन जा, तोवर पुढचं गाणं होणार नाही. आणि दोघांना खरंच उठून जावं लागलं. नंतर त्या बाईनं सांगितलं की तिच्या जवळच्या माणसाचं नुकतंच निधन झालं होतं. लोक खवळले, तर साहेबांचं म्हणणं असं की मी कुणाला माझे चाहते व्हा म्हणून सांगायला गेलो नव्हतो. त्यानंतर त्याचे अमेरिकेतले काही शो रद्द झाले.

मी २०१८ पासून या माणसाची गाणी ऐकतोय. गाडीत, स्वयंपाक करताना, रात्री उशिरा काम करताना. आवाज असा की लागलीच ओळखू येतो. पण गेल्या सात वर्षांत त्याच्याबद्दलची दर दुसरी बातमी भांडणाची, उद्धटपणाची किंवा पोलिसांची. प्रश्न सरळ आहे. एवढा मोठा झाला म्हणून माज आला, की आधीपासून माज होता म्हणून एवढा मोठा झाला? आणि मुंबईत उद्या कार्यक्रम लागला तर तिकीट काढाल का?

मिरचीपूड
शीर्षक वाचून वाटलं भाजल्यावर लावायच्या मलमाची जाहिरात आहे.

बोरकूट
हाहा. तसं मलम लागतंय त्याच्या चाहत्यांनाच सध्या.

सोमवार पेठ
झोपलेल्या श्रोत्यांना बाहेर काढायचं म्हटलं तर आमच्या सवाईत शनिवारी रात्री निम्मा मांडव रिकामा होईल. भारतीय बैठकीत तर लोक उशी घेऊनच येतात.

पण गंमत सोडा. किशोरीताई मैफलीत कुजबुज झाली की थांबायच्या आणि चांगलं सुनवायच्या. लोक घरी जाऊन कौतुकानं सांगायचे, आज ताईंचा ओरडा खाल्ला. तिथे आपण त्याला 'कलेवरची निष्ठा' म्हणतो. या काळ्या पोरानं तेच केलं की 'माज'. जरा तपासून बघा स्वतःला.

रानजाई
सोमवार पेठ, मुद्दा पटला नाही. किशोरीताईंचा राग सुरात व्यत्यय आणणाऱ्यावर असायचा. झोपलेली बाई कुणाच्या सुरात व्यत्यय आणत होती? ती तर सगळ्यांत शांत श्रोता! तिथे दुखावला गेला तो गायकाचा अहंकार. आणि 'काळ्या पोरानं' वगैरे मध्ये आणायची गरज नव्हती, धागाकर्त्यानं तसं काहीच म्हटलेलं नाही.

नाट्यवेडा
नाटकवाल्यांचं काय मग? विक्रम गोखल्यांनी मोबाइल वाजला म्हणून प्रयोग थांबवल्याचे किस्से आहेत. सुमीत राघवननं २०१९ मध्ये नाशिकला चालू प्रयोग थांबवला होता. पण फरक बघा, ते फोन बंद करा म्हणतात. 'तुला घरी पाठवल्याशिवाय पुढचा प्रवेश नाही' असं म्हणत नाहीत. बाकी हजारो लोकांना ओलीस धरून एकाचा अपमान, हे जरा अतीच.

लागोसकर
नोकरीनिमित्त काही वर्षं लागोसला होतो, इलुपेजूत राहायचो. तिथे आपले भारतीय पुष्कळ. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

डॅमिनी एबुनोलुवा ओगुलू, जन्म २ जुलै १९९१, गाव पोर्ट हारकोर्ट. तेलाच्या पट्ट्यातलं शहर. आजोबा बेन्सन इडोनिजे हे फेला कुटीचे (अफ्रोबीट हे संगीत ज्यानं घडवलं तो बंडखोर गायक) पहिले मॅनेजर, शिवाय रेडिओवरचे जुने निवेदक आणि संगीतसमीक्षक. आई बोसे ओगुलू विद्यापीठात भाषा शिकवायची, आता मुलाची मॅनेजर आहे. म्हणजे पोरगा झोपडपट्टीतून वर आला वगैरे कथा इथे नाही. चांगलं खात्यापित्या घरचं, इंग्लंडला शिकायला पाठवलेलं आणि पदवी न घेता परत आलेलं प्रकरण.

२०१२ ला 'लाइक टू पार्टी' गाजलं, २०१३ ला पहिला अल्बम आला. मग स्वतःची 'स्पेसशिप' कंपनी काढली, आणि मधली दोन-तीन वर्षं जरा थंडच गेली. तेव्हा लागोसमध्ये नाव घेतलं जायचं ते विझकिड आणि डेव्हिडोचं. बर्नाबद्दल लोक म्हणत, आवाज आहे, डोकं ठिकाणावर नाही. २०१८ च्या जानेवारीत 'आउटसाइड' आला आणि त्यातल्या 'ये' या गाण्यानं सगळं पालटलं. पिवळ्या डान्फो बसमध्ये तेच, लग्नात तेच, रस्त्याकडेला सुया भाजणाऱ्या माणसाच्या रेडिओवर तेच. (सुया म्हणजे शेंगदाण्याचा मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. अहाहा.) त्याच वर्षी जूनमध्ये कान्ये वेस्टनं नेमक्या 'ये' याच नावाचा अल्बम काढला. अमेरिकेतले लोक तो शोधायला गेले आणि त्यांना हा सापडला! नशीब म्हणतात ते हेच.

तेव्हा धागाकर्त्यांना माझं उत्तर : माज आधीपासूनच होता. यश नंतर आलं.

मिरचीपूड
सुयाची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका प्लीज.

पोटोबा
+१ पाककृतीला. माफ करा, चालू द्या.

ठसका
माज आधीपासून होता याचा पुरावा म्हणजे कोचेलाचं पोस्टर. जानेवारी २०१९. अमेरिकेतल्या त्या मोठ्या महोत्सवाच्या पोस्टरवर याचं नाव बारीक अक्षरांत छापलं होतं. पठ्ठ्यानं इन्स्टाग्रामवर जाहीर लिहिलं की मी आफ्रिकन जायंट आहे, त्या एवढ्याशा अक्षरांत मी मावणार नाही. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्यानं काय केलं? त्याच वर्षी जुलैत अल्बम काढला आणि नाव ठेवलं 'आफ्रिकन जायंट'. अल्बम असा निघाला की टर उडवणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

नाट्यवेडा
नावाच्या आकारावरून भांडण हे मराठी नाटकवाल्यांना शिकवू नका हो. पेपरातल्या जाहिरातीत कुणाचं नाव वर, कुणाचं शेवटी आणि त्याआधी 'आणि' लावायचं की नाही, यावरून प्रयोग रद्द व्हायची वेळ आलेली माझ्या ऐकण्यात आहे.

ढोलकीवाला
मी विसर्जनाला ताशा वाजवतो, त्यामुळे मला यातलं जे भिडलं ते आधी ताल. सोळा मात्रांचं आवर्तन धरा आणि ३-३-४-२-४ असे ठोके वाजवून बघा मांडीवर. पहिले दोन ठोके सरळ येतात, तिसरा वाट बघायला लावतो आणि चौथा-पाचवा पटकन हिशेब पुरा करतात. पश्चिम आफ्रिकेतून निघालेला हा आकृतिबंध क्यूबात गेला, तिथून जगभर. आजच्या अफ्रोबीट्सच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या नाचत्या पॉपच्या, निम्म्या गाण्यांच्या खाली हाच आहे. नायजेरियाच्याच रेमाचं 'काम डाउन' आपल्या वरातीत बेंजोवाले सहज वाजवतात त्याचं कारण हेच, अंगात आधीपासून बसलेलं काहीतरी सापडतं.

फेलाचं अफ्रोबीट मात्र वेगळं. तिथे टोनी अॅलनचा ड्रम, ब्रासची फौज, एक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं आणि त्यात सरकारला शिव्या. आत्ताचं तीन मिनिटांचं, संगणकावर बांधलेलं, नाचायचं. बर्ना स्वतःच्या संगीताला अफ्रोफ्यूजन म्हणतो : थोडा फेला, थोडा जमैकाचा डान्सहॉल, थोडा हिपहॉप.

आणि इथेच त्यानं घाण केली. ऑगस्ट २०२३ मध्ये अॅपल म्युझिकच्या मुलाखतीत म्हणाला की अफ्रोबीट्समध्ये बहुतेक काहीच आशय नसतो, कुणी कशाबद्दल बोलतच नाही, नुसती मजा चालते, आणि आयुष्य म्हणजे काही नुसती मजा नव्हे. अरे, ज्या ताटात जेवतोस...

चिंचोका
ढोलकीवाला, ताल छान समजावलात, मांडीवर वाजवून बघितला, बायको विचारते काय झालं.

पण त्या मुलाखतीत तो चुकीचं काय बोलला? गाडी, बाई, बाटली, पैसा. दहातल्या आठ गाण्यांत हेच असतं. घरातल्या माणसानं बोललं की झोंबतं एवढंच.

रानजाई
चुकीचं हे की त्याच्या स्वतःच्या दहातल्या सहा गाण्यांत गाडी, बाई, बाटलीच असते. 'लास्ट लास्ट' घ्या. गाजलेलं, मला अतिशय आवडणारं. विषय काय? प्रेमभंग झाला, आता गांजा आणि दारू हवी. बरं, त्याची धून टोनी ब्रॅक्स्टनच्या गाण्यातून घेतलेली, तिला रॉयल्टीतले साठ टक्के जातात असं तो स्वतःच सांगतो. यात थोर आशय कुठे आहे? आणि नसला तर बिघडलं कुठे? नाचायच्या गाण्यानं नाचवावं. लावणीला आपण आशय विचारतो का?

सोमवार पेठ
लावणीत आशय नसतो असं म्हणणाऱ्यांनी राम जोशी वाचावेत. नवीन धागा काढा, येतो भांडायला.

चिंचोका
रानजाई, सहा सोडा, उरलेल्या चारांवर बोलू. 'अनदर स्टोरी' ऐका, 'आफ्रिकन जायंट'मधलं, घानाच्या एम्.अनिफेस्टबरोबर केलेलं. गाणं सुरू व्हायच्या आधी एक निवेदन आहे, शाळेतल्या इतिहासाच्या माहितीपटासारखं. १९०० साली ब्रिटिश सरकारनं नायजर कंपनीकडून तो सगळा मुलूख ताब्यात घेतला आणि त्यापोटी कंपनीला ८,६५,००० पौंड मोजले. म्हणजे देश कसा तयार झाला, तर खरेदीखतानं! आणि शेवटी निवेदक सहज सांगितल्यासारखं सांगतो की ती कंपनी आजही आहे, फक्त नाव आता युनिलिव्हर.

मी ते ऐकलं तेव्हा बाथरूममध्ये होतो आणि समोर लक्स होता. लिव्हर ब्रदर्सनं १९२० मध्ये नायजर कंपनी विकत घेतली, हे नंतर वाचलं. ईस्ट इंडिया कंपनीचा धडा आपण पाठ केला, मार्क मिळवले, विसरलो. हा माणूस तो धडा नाचायच्या अल्बममध्ये घालून पोरांना ऐकवतो. मला तरी दुसरा कुणी एवढा मोठा गायक हे करताना दिसत नाही. 'मॉन्स्टर्स यू मेड'च्या शेवटी घानाच्या लेखिका अमा अटा आयडू यांचं युरोपनं आफ्रिकेकडून काय काय नेलं यावरचं खणखणीत बोलणं आहे. कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन आधी गातोय आणि नंतर ही बाई त्याच्याच देशाला सुनावतेय!

तेव्हा 'आशय' हा शब्द वापरायचा त्याला अधिकार आहे. त्यानं तो जरा नम्रपणे वापरावा, एवढंच.

ताक-भात
सगळं ठीक, पण आपल्या माणसांनी त्याला हरवलं ते कुणीच सांगत नाही? फेब्रुवारी २०२४ चे ग्रॅमी. शंकर महादेवन आणि झाकीरभाईंपुढे आउट.

ठसका
ताक-भात, नीट सांगतो, कारण ती रात्र फार मजेची होती.

बर्नाला चार नामांकनं होती. जागतिक संगीताच्या अल्बममध्ये त्याचा 'आय टोल्ड देम'. जिंकला 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' : झाकीर हुसेन, शंकर महादेवन, जॉन मॅकलॉफ्लिन, गणेश राजगोपालन, सेल्वागणेश. जागतिक सादरीकरणात त्याचं 'अलोन'. जिंकलं 'पश्तो' : पुन्हा झाकीरभाई, यावेळी बेला फ्लेक, एडगर मायर आणि बासरीवर राकेश चौरसिया. म्हणजे माहीमच्या एका माणसानं त्याला एका रात्रीत दोनदा धोबीपछाड दिली. आफ्रिकन सादरीकरण हा विभाग त्याच वर्षी नव्यानं सुरू झालेला, तिथे पाचपैकी चार नामांकनं नायजेरियनांची आणि बक्षीस नेलं दक्षिण आफ्रिकेच्या टायलानं. चौथंही गेलं.

पण त्याच रात्री त्यानं ग्रॅमीच्या मुख्य मंचावर गाणी म्हटली, अफ्रोबीट्सवाल्यांत पहिल्यांदाच. आणि त्याआधी २०२१ ला 'ट्वाइस अॅज टॉल'ला मिळालंय बरं का ग्रॅमी. त्या यादीत आपली अनुष्का शंकर होती. तेव्हा फिटंफाट.

मिरचीपूड
आणि त्या 'अलोन'वाल्या यादीत आणखी कोण होतं, सांगा की.

ठसका
आठवलं! भरडधान्यांवरचं गाणं. मुंबईची फाल्गुनी शाह, तिचे पती आणि सहभाग नरेंद्र मोदी. बर्ना बॉय आणि पंतप्रधान एकाच विभागात स्पर्धक.

बोरकूट
दोघंही हरले. मी काहीही म्हटलेलं नाही, फक्त निकाल सांगितला.

संपादक मंडळ
या खाली आलेले राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. ज्वारी-बाजरीवरचे ठेवले आहेत.

पोटोबा
बाजरीची भाकरी आणि सुया. विचार करा.

लागोसकर
परत मुद्द्यावर. रेड रॉक्सचं लोकांना नवल वाटलं, लागोसच्या लोकांना अजिबात नाही. त्यांनी १ जानेवारी २०२३ ची रात्र भोगली आहे.

तिथे डिसेंबर म्हणजे परदेशातले सगळे नायजेरियन घरी येतात, रोज रात्री कुणाचा ना कुणाचा कार्यक्रम, तिकिटं अफाट महाग, आणि व्हिक्टोरिया आयलंडकडे जाणारे पूल गच्च. गाडी सोडून लोक सँडल हातात घेऊन चालत जातात. कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलेली वेळ कुणी मनावर घेत नाही. मध्यरात्रीआधी मुख्य गायक आला तर लोकांनाच अवघडल्यासारखं होतं. पण त्या रात्री बर्ना आला तो पहाटे. लोक तासन् तास उभे. आल्यावर माफी सोडा, उलट तुमच्यावर प्रेम करणं किती अवघड आहे अशा थाटात त्यांनाच बोलला. वर, मंचावर चढू पाहणाऱ्या एका चाहत्यावर लाथ उगारल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली.

आता हाच माणूस लंडन स्टेडियम भरवतो. जून २०२३, ब्रिटनमधल्या स्टेडियममध्ये मुख्य कलाकार म्हणून गाणारा पहिला आफ्रिकन. त्याआधी २०२२ ला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, नंतर एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसचं स्टाड द फ्रान्स. अशा जागी वेळ संपली की आयोजकाला दंड लागतो, हे सांगायला नको. माझा एक सहकारी म्हणायचा, बर्नाला घड्याळ कळतं, फक्त ते आमच्या बाजूनं फिरत नाही. मला त्याच्या सगळ्या वादांत हाच सगळ्यांत जास्त खटकतो. परक्यांसमोर अदब आणि घरच्यांवर डाफरणं.

ताक-भात
आमचे एक काका असेच होते.

कोलदांडा
लागोसकर, तुम्ही २०२२ च्या क्लबमधल्या गोळीबाराबद्दल काहीच लिहिलं नाहीत. मुद्दाम?

लागोसकर
मुद्दाम नाही. जपून लिहावं लागतं म्हणून टाळलं होतं.

जून २०२२, व्हिक्टोरिया आयलंडवरचा क्युबाना क्लब. तिथे झालेल्या वादावादीत गोळ्या सुटल्या आणि दोघे जखमी झाले. आरोप होता तो बर्नाच्या बंदोबस्तातल्या पोलिसांवर. पाच पोलिसांना खात्यानं ताब्यात घेतलं. गायक दुसऱ्याच दिवशी कार्यक्रमासाठी युरोपात. त्यानं स्वतः गोळी झाडली असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

आता हा बंदोबस्त काय प्रकार आहे ते सांगतो. मी होतो तेव्हा नायजेरियात ज्याच्याकडे पैसा त्याच्या मागेपुढे पोलीस असायचे. मोबाइल पोलीस, बोलीभाषेत मोपोल. आमच्या कंपनीच्या गाडीपुढेसुद्धा एक पिकअप असायची, मागे पाठीला पाठ लावून बसलेले चौघे, हातात एके-४७, पायात कधी बूट कधी चपला. ट्रॅफिक तुंबला की त्यातला एक खाली उतरून समोरच्या गाड्यांच्या बॉनेटवर हात आपटत वाट करायचा. लोक निमूट बाजूला व्हायचे. पहिल्या महिन्यात लाज वाटायची. नंतर आपण खिडकीबाहेर बघणंच सोडून देतो. त्या पोलिसांना वाटतं आपण साहेबाची माणसं, सरकारची नव्हे. तिथून पुढे काय होऊ शकतं, ते क्युबानात दिसलं.

मुद्देसूद
लागोसकरांच्या या प्रतिसादामुळे मला जे बरेच दिवस खुपतंय ते मांडता येईल.

बर्ना बॉय स्वतःला फेलाचा वारस समजतो. आजोबांमुळे तो हक्क थोडाफार पोचतोही. 'कोलॅटरल डॅमेज' या गाण्यात फेलाची ओळ उचलून तो लोकांना विचारतो, तुम्ही इतके घाबरता का? ती ओळ फेलाच्या ज्या काळातली आहे तो आठवा. १९७७ मध्ये सैनिकांनी फेलाच्या कलाकुटा वस्तीवर हल्ला केला, घर जाळलं, त्याच्या आईला वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून फेकलं. ती माउली फन्मिलायो, स्वतः मोठी कार्यकर्ती, त्याच दुखण्यातून पुढच्या वर्षी गेली. फेलानं तिची शवपेटी लष्करी बराकीच्या दारात नेऊन ठेवली. वर्दीवाल्यांशी हे त्याचं नातं.

आता वारसदार बघा. २०२४ मध्ये स्पीड डार्लिंग्टन नावाच्या एका विनोदी गायकानं बर्नाची आणि डिडीची चेष्टा केली. 'ट्वाइस अॅज टॉल'चा एक निर्माता डिडी होता, तो नुकताच अमेरिकेत अटकेत गेला होता, त्यावरून अत्यंत गलिच्छ टोमणे. गलिच्छ होतेच, त्याबद्दल वाद नाही. अब्रूनुकसानीचा दावा लावता आला असता. पण बर्नाच्या वकिलांच्या तक्रारीवरून त्या माणसाला पोलिसांनी सायबर कायद्याखाली उचललं. सुटल्यावर त्यानं पुन्हा गाणं करून खोडी काढली, पुन्हा उचललं, आणि मग कित्येक आठवडे आत ठेवलं.

तेव्हा मला त्याच्या झोपलेल्या बाईचं, उशिरा येण्याचं, पोस्टरवरच्या अक्षरांचं काही वाटत नाही. कलाकार फुगलेले असतात, असू देत. पण पोलिसांना घाबरू नका म्हणून गायचं, आणि कुणी खिल्ली उडवली की त्याच पोलिसांना फोन लावायचा? इथे मात्र माझं गाणं ऐकणं थांबतं.

कोलदांडा
मुद्देसूद, जोरदार. आपल्याकडची उदाहरणं द्यायचा मोह होतोय, पण धागा बंद पडेल.

चिंचोका
मुद्देसूद, एक बाजू राहिली. ऑक्टोबर २०२० चं एन्ड सार्स आंदोलन. पोलिसांच्या 'सार्स' या कुप्रसिद्ध पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले, २० तारखेला लेकीच्या टोल नाक्यावर सैनिकांनी गोळ्या चालवल्या. बर्नानं दहा दिवसांत '20 10 20' नावाचं गाणं काढलं, तारीखच नाव म्हणून. थेट सरकारचं नाव घेऊन. आंदोलकांसाठी निधी उभा केला, देशभर होर्डिंगं लावली.

मुद्देसूद
हो. आणि तो आधी बरेच दिवस गप्प होता म्हणून लोकांनी त्याला धारेवर धरलं होतं, तेही लिहा. गाणं चांगलंच आहे. म्हणूनच चार वर्षांनंतरचं जास्त लागतं.

जोबर्गची आत्या
मी जोहान्सबर्गला असते. भाचा-भाची हेच ऐकतात म्हणून मलाही पाठ झालंय.

इथे त्याचं नाव काढलं की अजून लोक तोंड वाकडं करतात. २०१९ ला इथे परदेशी आफ्रिकनांच्या दुकानांवर हल्ले झाले, मारहाण झाली. आमच्या चौकातल्या नायजेरियन न्हाव्यानं आठवडाभर शटर अर्धंच उघडलं होतं. बर्नानं जाहीर केलं की सरकार जागं होईपर्यंत या देशात पाऊल ठेवणार नाही. यात मला चूक दिसत नाही. पण इथला रॅपर एकेए आणि हा यांची त्याच सुमारास ट्विटरवर जी जुंपली ती अगदी नळावरची. मारण्याच्या धमक्यांपर्यंत. मग नोव्हेंबरमध्ये 'आफ्रिकन्स युनाइट' नावाच्या कार्यक्रमाला येणार म्हटल्यावर इथल्या लोकांनी विरोध केला आणि तो रद्द झाला. एकतेचा कार्यक्रम भांडणामुळे रद्द! एकेएला २०२३ च्या फेब्रुवारीत डर्बनला गोळ्या घालून मारलं, वेगळ्या प्रकरणात. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एफएनबी स्टेडियमवर बर्नाचा कार्यक्रम ठरला होता, तोही आयोजकांना पैसे भागवता आले नाहीत म्हणून बारगळला. भाचीनं तिकीट काढलं होतं. तिचा रडवेला फोन मलाच आला.

त्यामुळे ग्रॅमीला टायला जिंकली तेव्हा आमच्या घरात काय नाचले सगळे.

बल्ले
आमच्या पंजाबी मित्रमंडळात मात्र बर्ना म्हणजे घरचाच. सिद्धू मूसेवालाची हत्या झाली, मे २०२२, तेव्हा यानं चालू कार्यक्रमात मांडीवर थाप मारून, बोट वर करून त्याला सलाम केला होता. डोळे भरून आले होते. पुढच्या वर्षी सिद्धूचं 'मेरा ना' आलं त्यात हा आहे. जिथे गरज नव्हती तिथे माणुसकी दाखवली. सगळंच माजात मोजू नका.

रानजाई
त्याची आई या सगळ्यात मला फार आवडते. २०१९ चा बीईटी पुरस्कार त्याच्या वतीनं तिनं घेतला. मंचावर शांतपणे म्हणाली की बाकी काही व्हायच्या आधी तुम्ही सगळे आफ्रिकन होतात, हे विसरू नका. समोर अमेरिकेतले झाडून सगळे कृष्णवर्णीय तारे, आणि ही शाळामास्तरीण त्यांना गृहपाठ देतेय. ते बोलणं 'स्पिरिच्युअल'च्या शेवटी जसंच्या तसं घातलंय. रेड रॉक्सला मंचामागे ती असती तर कानाला धरून त्यालाच घरी नेलं असतं, असं आपलं मला वाटतं.

बोरकूट
मॅनेजर तीच आहे हो ताई. टक्केवारी घेत असेल, कान कसा धरणार?

गच्चीवरचा
एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मुद्देसूद यांचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. क्लबचं माहीत होतं, पण स्पीड डार्लिंग्टनचं प्रकरण मी नुसतं मीम म्हणून बघून सोडून दिलं होतं. सोमवार पेठ यांच्या टोल्यालाही उत्तर देतो : अमेरिकन माध्यमांनी त्या रात्रीवर जेवढं लिहिलं तेवढं लागोसच्या पहाटेवर लिहिलं नव्हतं, हे खरं आहे. गिऱ्हाईक तिकडचं दुखावलं की बातमी मोठी होते.

माझं म्हणाल तर तिकीट काढणार नाही. पण 'अनदर स्टोरी' यादीतून काढणंही जमणार नाही. जुलै २०२५ मधला त्याचा अल्बम 'नो साइन ऑफ वीकनेस' कुणी नीट ऐकलाय का? मिक जॅगर आहे, स्ट्रोमे आहे. मला पाहुण्यांची गर्दी वाटली.

ढोलकीवाला
गर्दीच. नावं मोठी, वाजवणं सपाट. नव्यानं ऐकणाऱ्यांनी 'आफ्रिकन जायंट' सलग ऐकावा, शफल लावू नये. त्यातल्या 'डिफरंट'मध्ये डेमियन मार्ली आणि अँजेलिक किजो आहेत. ती किजो जिनं २०२० ला याच अल्बमला हरवून ग्रॅमी घेतलं आणि मंचावरून ते बर्नाला अर्पण केलं. मोठेपण बघायचं तर तिच्यावर धागा काढा. बेनिनची बाई, पाच ग्रॅमी, भांडण एकही नाही.

मिरचीपूड
भांडण नाही तर त्या धाग्यावर येणार कोण?

कोलदांडा
तुम्ही काढा, भांडायला मी आहे. लागोसकर, ते सुयाचं राहिलं.

लागोसकर
टाकतो रविवारी. बोनलेस मटण, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, सुंठ, लाल तिखट, मीठ एवढं आणून ठेवा. दाण्याचा कूट घरचा असेल तर तेल पिळून काढायचं, नाहीतर निखाऱ्यावर जळतो.